डेव्हिड बोवी नट म्हणून कसा होता? तालमीसाठी मदत हवी आहे

चरईकर

नमस्कार मंडळी,

प्रश्न जरा लांबलचक आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय मला नेमकं काय हवंय ते लक्षात येणार नाही.

मी ठाण्यात चरईत राहते, बँकेत नोकरी करते आणि गेली सतरा वर्षं आमच्या हौशी ग्रुपसाठी एकांकिका बसवते. या वर्षीच्या एकांकिकेत बारा वर्षांनी बोटीवरून घरी परतलेला एक माणूस आहे. पाऊण तासात त्याला जेमतेम तीस-पस्तीस वाक्यं. बाकी सगळं त्याच्याभोवतीचे लोक बोलतात, तो ऐकतो. या भूमिकेला मी ऐरोलीचा एक मुलगा घेतलाय. वय सत्तावीस, दिवसा आयटीत नोकरी, शनिवार-रविवार बँडमध्ये गातो. घोडबंदर रोडच्या एका सोसायटीच्या गणपतीत मी त्याला पहिल्यांदा ऐकलं. गाणं संपलं, टाळ्या सुरू झाल्या, आणि तो तसाच उभा राहिला. मान खाली नाही, हसू नाही, काही नाही. तिथेच मला माझा बोटीवरचा माणूस सापडला.

तालमी सुरू होऊन तीन आठवडे झालेत. अडचण एकाच गोष्टीची आहे: हात. गाताना त्याच्या उजव्या हातात माईक असतो आणि डावा हात वायर सांभाळत असतो. इथे माईक नाही, त्यामुळे दोन्ही हात पोरके झालेत. खिशात जातात, कमरेवर जातात, मानेमागे जातात, परत खिशात. चेहरा छान बोलतो, आवाज तर आहेच, पण हात सतत सांगत असतात की "मी इथला नाही." ग्रुपमधली जुनी मंडळी म्हणायला लागली आहेत, "ताई, गायकाला गायकच राहू द्या. नाहीतर त्याच्यासाठी एक गाणं टाका, टाळी तरी मिळेल." मला गाणं टाकायचं नाहीये. हा माणूस बारा वर्षांनी घरी आलाय, तो गाणार नाही.

परवा रात्री हाच विचार करत बसले होते आणि इंग्लंडचा रॉक गायक डेव्हिड बोवी आठवला. माझ्या मोठ्या भावाकडे त्याच्या कॅसेट होत्या, त्यामुळे गाणी लहानपणापासून कानावर आहेत. पण नट म्हणून तो मला भेटला 'द प्रेस्टिज'मध्ये. २००६ चा ख्रिस्तोफर नोलनचा सिनेमा, त्यात शास्त्रज्ञ निकोला टेस्लाची भूमिका त्याची आहे. आजूबाजूला विजेचे लोळ फुटतायत आणि त्यातून एक माणूस शांतपणे चालत येतो, कोट, मिशी, बारीक आवाज. सिनेमा संपला, नावं वर सरकत होती, तेव्हा वाचलं की हा बोवी होता. इतकी वर्षं ज्याचा आवाज ओळखते त्याला मी ओळखलं नव्हतं! नंतर कळलं की आधी त्याने नकार दिला होता आणि नोलन त्याचं मन वळवायला स्वतः न्यूयॉर्कला गेला होता.

आता मला विचारायचंय ते असं. बोवी खरोखर नट होता, की दिग्दर्शकांनी त्याचा चेहरा वापरून घेतला? आणि माझ्या मुलाला दाखवायला त्याचे नेमके कुठले प्रसंग निवडू? सगळे सिनेमे बघायला वेळ नाही, आठवड्यातून तीनच तालमी मिळतात, त्याही नौपाड्यातल्या एका शाळेचा हॉल रिकामा असेल तेव्हा. ज्यात शरीर दिसतं, हात दिसतात, असे प्रसंग हवेत.

*

घोडबंदर_सकाळ

ताई, माझ्यासाठी बोवी म्हणजे 'लॅबिरिंथ'मधला गॉब्लिनांचा राजा जॅरेथ. १९८६ चा सिनेमा, दिग्दर्शक जिम हेन्सन, तोच मपेट्सवाला. मी केबलवर बघितला तेव्हा चौथीत होतो आणि दोन रात्री झोप लागली नव्हती.

पण तुमच्या हातांच्या प्रश्नासाठी एक गंमतीची माहिती देतो. त्यात जॅरेथ काचेचे गोळे तळहातावरून, बोटांवरून पाण्यासारखे फिरवतो ना, ते हात बोवीचे नाहीत. मायकेल मॉशन नावाचा जगलर त्याच्या मागे दडून, आपले हात पुढे काढून ते गोळे फिरवायचा. त्याला समोरचं काहीच दिसत नव्हतं, सगळं अंदाजाने. आणि बोवीने चेहरा असा ठेवायचा की हात आपलेच आहेत. पुन्हा बघाल तेव्हा खांद्यांकडे बघा. खांदे अजिबात दगा देत नाहीत.

त्यावेळी सिनेमा चालला नव्हता. आमच्या पिढीने तो टीव्हीवर आणि व्हिडिओ कॅसेटवर बघून डोक्यावर घेतला.

*

कळवा_पूल

मी थोडा विरुद्ध बाजूने बोलतो, राग मानू नका.

बोवीचे सिनेमे मी बरेच पाहिलेत. 'जस्ट अ जिगोलो' (१९७८) बघा. दिग्दर्शक डेव्हिड हेमिंग्ज, सोबत मार्लेन डीट्रिच, तिचा हा शेवटचा चित्रपट. दोघांचा एकत्र प्रसंग आहे पण दोघं कधी एकमेकांसमोर आलेच नाहीत. तिचं चित्रण पॅरिसमध्ये झालं, त्याचं बर्लिनमध्ये, नंतर जोडलं. समोर माणूसच नसेल तर नटाने पकडायचं कुणाला? आणि ते पडद्यावर कळतं. 'अ‍ॅब्सोल्यूट बिगिनर्स' (१९८६) मध्येही मला तो पाहुणा वाटतो.

'द मॅन हू फेल टु अर्थ' (१९७६) मध्ये तो उत्तम आहे, मान्य. पण तिथे निकोलस रोगने काय केलं? बीबीसीवरच्या एका माहितीपटात बोवी मोटारीत मागे बसलेला पाहिला, पांढराफटक, हडकुळा, अमेरिकेत हरवलेला, आणि परग्रहावरून आलेल्या माणसाच्या भूमिकेत त्याला उभं केलं. १९७५ मध्ये न्यू मेक्सिकोत चित्रण झालं तेव्हा तो कोकेनच्या विळख्यात होता. म्हणजे तो जसा होता तसाच कॅमेऱ्यासमोर आला. याला मी निवड म्हणेन. अभिनय म्हणायला माझी जीभ वळत नाही.

इंग्लंडच्या गायकांत मूळचा नट शोधायचा तर फिल कॉलिन्स घ्या. चौदा-पंधराव्या वर्षी तो लंडनच्या रंगभूमीवर 'ऑलिव्हर!'मध्ये आर्टफुल डॉजर करत होता. बँड नंतर. १९८८ मध्ये 'बस्टर'मध्ये नायक झाला तो त्या शिदोरीवर.

आणि ताई, आपल्याकडे हा प्रश्न मुळात नव्हताच. बालगंधर्व गायक होते की नट? दीनानाथ? संगीत नाटकात दोन्ही एकाच देहात असायचं. तुमच्या मुलाला बोवी कशाला, वसंतराव दाखवा.

*

चरईकर

@कळवा_पूल, राग कसला, उलट बरं वाटलं. वसंतराव देशपांडे मीही मनात आणले होते. 'कट्यार काळजात घुसली' १९६७ मध्ये आलं. त्यांचे खाँसाहेब रंगमंचावर बघितलेले लोक आमच्या घरात होते, आजोबा त्याबद्दल बोलायला लागले की जेवण थंड व्हायचं. पण तिथे गाणं हीच भूमिका आहे हो. खाँसाहेब गातात तेव्हा ते खाँसाहेब असतात, अहंकार आणि वेदना दोन्ही तानेत आहेत. माझ्या मुलाकडून मी गाणंच काढून घेतलंय. गायकाचं गाणं काढून घेतल्यावर खाली काय उरतं, हे मला बघायचंय. म्हणून मला संगीत नाटकातला गायक नट चालत नाही, गाणं बाजूला ठेवून उभा राहिलेला गायक हवाय.

आणि बघा, त्याच १९६७ मध्ये वीस वर्षांचा बोवी लंडनमध्ये लिंडसे केम्पकडे मूकाभिनय शिकायला गेला. गाणी चालत नव्हती, पहिली तबकडी आली तशी गेली होती. केम्पच्या मंडळीत त्याने शिकता शिकता काम केलं, डिसेंबरमध्ये त्यांच्या 'पियरो इन टर्क्वाइज'मध्ये रंगमंचावर उभाही राहिला. म्हणजे जग ज्याला रॉकस्टार म्हणून ओळखायला लागलं त्याच्या आधी कितीतरी वर्षं तो मूकाभिनयाच्या वर्गात अदृश्य भिंत ढकलत होता. त्यामुळे "जसा होता तसा कॅमेऱ्यासमोर आला" हे मला पटत नाही. रोगच्या सिनेमात तो खुर्चीत बसून एकावर एक रचलेले टीव्ही एकाच वेळी बघतो तो प्रसंग आठवा. अशक्त माणूस खुर्चीत सांडतो. हा सांडत नाही. पाठ कुठे टेकते, मान किती अंशात वळते, सगळं ठरवलेलं आहे. हे अंगात आधी मुरलेलं असावं लागतं.

*

रंगपेटी

ताई, नमस्कार. मी नेरुळला राहतो. रंगभूषेचं काम चाळीस वर्षं केलं, आता हात थरथरतो म्हणून पेटी बंद केली. वाशीच्या विष्णुदास भावेला आणि तुमच्या गडकरीला मिळून किती वेळा मेकअप रूममध्ये बसलोय त्याचा हिशोब नाही. बोवीची गाणी मला फारशी माहीत नाहीत. पण एका कामासाठी मी या माणसाला मानतो, आणि ते काम असं आहे की ज्यात माझ्यासारख्याला काहीच काम नव्हतं.

'द एलिफंट मॅन' हे नाटक, बर्नार्ड पॉमरन्सचं. जोसेफ मेरिक नावाचा खरा माणूस एकोणिसाव्या शतकात लंडनमध्ये होऊन गेला. शरीर भयंकर विद्रूप झालेलं, डोकं प्रचंड, उजवा हात निकामी, डावा हात मात्र नाजूक आणि शाबूत. जत्रेत दाखवायचे त्याला. मग एका डॉक्टरने इस्पितळात आसरा दिला. १९८० मध्ये याच विषयावर डेव्हिड लिंचचा सिनेमा आला. त्यात जॉन हर्टचा मेकअप क्रिस्टोफर टकरने केला, चढवायलाच सात-आठ तास लागायचे. आमच्या धंद्यात ते काम म्हणजे देवळाच्या कळसासारखं. त्यावर्षी ऑस्करने त्याची दखल घेतली नाही म्हणून एवढा ओरडा झाला की पुढच्या वर्षापासून रंगभूषेला दरवर्षीचा स्वतंत्र पुरस्कार सुरू झाला.

आणि त्याच वर्षी बोवी तीच भूमिका रंगमंचावर करत होता. मेकअपशिवाय! लेखकाचीच तशी अट आहे, मेरिकचा नट रंगवायचा नाही. नाटकाच्या सुरुवातीला डॉक्टर व्याख्यान देतो, पडद्यावर खऱ्या मेरिकची छायाचित्रं येतात, आणि डॉक्टर एकेक व्यंग सांगत जातो तसतसा बाजूला उभा असलेला धडधाकट नट आपलं शरीर त्या आकारात वळवत जातो. आधी मान, मग खांदा, मग पाठ, मग तोंडाचा एक कोपरा, मग उजवा हात मेल्यासारखा लोंबतो. मग ते शरीर नाटक संपेपर्यंत सोडायचं नाही. बोवीने हे आधी डेन्व्हरला केलं, मग शिकागोला, आणि सप्टेंबर १९८० पासून जानेवारी १९८१ च्या सुरुवातीपर्यंत ब्रॉडवेच्या बूथ थिएटरमध्ये. त्याआधी लंडनला जाऊन इस्पितळाच्या संग्रहात ठेवलेल्या मेरिकच्या वस्तू त्याने पाहिल्या. मध्येच ८ डिसेंबरला त्याच न्यूयॉर्कमध्ये त्याचा मित्र जॉन लेनन मारला गेला. तरी प्रयोग ठरल्या तारखेपर्यंत झाले.

इंटरनेटवर त्याचे काही मिनिटांचे तुकडे आहेत. आवाज मोठा करू नका, बंद करूनच बघा.

हे मला एवढं का लागलं ते सांगतो. एका दौऱ्यात, कोकणातल्या एका गावी, मे महिन्यात, मी एका नटाचा अर्धा चेहरा भाजलेला केला होता. लेटेक्स, टिश्यू, वरून रंग, दीड तासाचं काम. पंखे बंद, घाम एवढा की दुसऱ्या अंकाच्या मध्यावर गालावरची सगळी कातडी सुटून कॉलरवर आली. मी विंगेत उभा, पोटात गोळा. नटाने ती हळूच रुमालात घेतली आणि पुढचा अर्धा तास तो गाल तसाच ओढून धरला, डोळा तसाच मिचकावून, मान तशीच तिरकी. प्रयोगानंतर गावातले लोक आत आले आणि विचारायला लागले, भाजलेलं खरंच आहे का हो? तेव्हा त्याच्या तोंडावर माझ्या हातचं काहीच नव्हतं.

आता तुमच्या कामाचं. त्या नाटकात मेरिक इस्पितळात बसून एका चर्चची प्रतिकृती बनवतो, एकेक तुकडा जोडत, नाटकभर. एकाच हाताने, कारण दुसरा निकामी आहे. तुमच्या मुलाचे दोन्ही हात रिकामे आहेत म्हणून ते भटकतात. एक हात काढून घ्या आणि दुसऱ्याला नाटकभर पुरेल असं काम द्या. बोटीवरचा माणूस आहे ना? बारा वर्षं दोर ओढलेत त्याने. उजव्या हाताची दोन बोटं पूर्ण वळत नाहीत असं धरा. प्रेक्षकांना सांगू नका. त्याला फक्त माहीत असू दे.

*

घोडबंदर_सकाळ

काका, तुमचं वाचून अंगावर काटा आला.

एक भर घालतो, रंगभूषेचा विषय निघालाच आहे तर. १९८३ च्या 'द हंगर'मध्ये बोवी डॉक्टरच्या वेटिंग रूममध्ये बसल्या जागी म्हातारा होतो, काही तासांत कित्येक वर्षांनी. ती रंगभूषा डिक स्मिथची. आणि १९९६ च्या 'बास्कियात'मध्ये त्याने चित्रकार अँडी वॉरहॉलची भूमिका केली तेव्हा डोक्यावर वॉरहॉलचा खराखुरा विग होता, पिट्सबर्गच्या वॉरहॉल म्युझियममधून आणलेला. वॉरहॉलवर त्याने १९७१ मध्ये गाणंही केलं होतं आणि त्याच वर्षी त्याला भेटलाही होता. म्हणजे पंचवीस वर्षं मनात साठवलेला माणूस त्याने उभा केला.

*

रंगपेटी

डिक स्मिथ म्हणजे आमचे द्रोणाचार्य. त्या वेटिंग रूमच्या प्रसंगात मात्र रंगाइतकाच तो माणूस बघा, प्रत्येक टप्प्यावर खुर्चीतलं वजन बदलतं. म्हातारपण आधी बुडाखाली येतं, मग तोंडावर.

*

ऐरोली_दिवा

ताई, सगळं सोडा आणि नागिसा ओशिमाचा 'मेरी ख्रिसमस, मिस्टर लॉरेन्स' दाखवा. १९८३. तुम्हाला जे हवंय ते तिथे अख्खं आहे.

ओशिमाने बोवीला ब्रॉडवेवर त्याच मेरिकच्या भूमिकेत पाहिलं आणि घेतलं, म्हणजे काकांच्या गोष्टीचाच पुढचा भाग. जावा बेट, १९४२, जपान्यांची युद्धकैद्यांची छावणी. चित्रण कुक बेटांमधल्या रारोटोंगाला झालं. बोवी म्हणजे मेजर जॅक सेलियर्स. छावणीचा प्रमुख कॅप्टन योनोई झालाय र्युइची साकामोतो, तोही मूळचा संगीतकार, यलो मॅजिक ऑर्केस्ट्रातला, आणि सिनेमाचं संगीतही त्याचंच. टाकेशी कितानो सार्जंट हारा, तो तर जपानमधला विनोदवीर. या तिघांत दोन गायक-वादक आणि एक विनोदी कलाकार. ओशिमाला तेच हवं असणार.

सेलियर्सला गोळ्या घालायला न्यायचंय. कोठडीत तो एकटा. हातात काहीच नाही. तो दाढी करायला लागतो. फेस लावतो, गाल ओढतो, वस्तरा फिरवतो. मग चहा. मग शेवटची सिगारेट. काही म्हणजे काही नाही हातात! पहारेकरी बघत राहतात. केम्पच्या वर्गात शिकलेलं सोळा वर्षांनी त्याने तिथे काढलं.

आणि तो गालांवरच्या चुंबनाचा प्रसंग. योनोई एका कैद्याचं डोकं उडवायला तलवार काढतो. सेलियर्स रांगेतून निघतो, मैदान ओलांडून त्याच्यापर्यंत चालत जातो आणि दोन्ही गालांवर ओठ टेकवतो. शब्द नाही. फक्त ते चालणं बघा, घाई नाही, रुबाब नाही. शेवटी त्याला गळ्यापर्यंत वाळूत पुरतात. तिथे हात, पाय, धड, सगळंच गेलं, नुसतं डोकं उरलं, तरी तो पडद्यावर भरून असतो.

@कळवा_पूल, हे बघून मग सांगा.

*

कळवा_पूल

बघितलाय मी, कॉलेजात असताना एका फिल्म सोसायटीत, प्रिंट खराब होती. दाढीचा प्रसंग मला आठवत होता पण त्याचा मूकाभिनयाशी संबंध कधी लावला नव्हता. आज पुन्हा बघतो.

'जिगोलो'बद्दल मात्र मी मागे हटत नाही.

*

चरईकर

मंडळी, दहा दिवसांनी लिहितेय, क्षमा असावी. मार्चअखेरच्या आधीचे दिवस बँकेत काय असतात ते ठाऊक आहेच.

@ऐरोली_दिवा, तुमचं ऐकलं. शनिवारी पोराला घरी बोलावलं, आईने पोहे केले, आणि कोठडीचा प्रसंग लावला. एकदा आवाजासकट, मग काकांनी सांगितल्यासारखा आवाज बंद करून चार वेळा. पहिल्या वेळी तो "भारी आहे" म्हणाला, जसं सगळेच म्हणतात. तिसऱ्या वेळी त्याने मला थांबवायला सांगितलं. म्हणाला, "ताई, तो वस्तऱ्याकडे बघत नाहीये. तो आरशात बघतोय. आरसापण नाहीये तिथे, पण तो आरशातच बघतोय." हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. सतरा वर्षं नाटकं बसवतेय मी, आणि हे त्या पोराने पकडलं.

मग मी त्याला मेरिकचा तुकडा दाखवला. त्यावर तो काहीच बोलला नाही. उठला आणि पोह्यांची बशी डाव्या हाताने उचलून मोरीत ठेवून आला. उजवा हात पोटाशी धरलेला.

मंगळवारच्या तालमीत मी संहिता बाजूला ठेवली. त्याला सांगितलं, बारा वर्षांनी घरात पहिली सकाळ, तू दाढी कर, बोलायचं काही नाही. काका, तुमची दोन बोटंही त्याला देऊन टाकली होती, उजवी करंगळी आणि तिच्या शेजारचं. ग्रुपमधली जुनी मंडळी भिंतीला टेकून बसली होती, गाणं टाका म्हणणारेही.

त्याने आधी तांब्या शोधला. आपल्या घरातला तांब्या कुठे असतो हे तो बारा वर्षांत विसरलाय, हे त्याचं त्यानेच आणलं. दोन ठिकाणी बघितलं, तिसऱ्या ठिकाणी सापडला. पाणी ओतलं, तांब्या डाव्या बाजूला खाली ठेवला. साबण लावला. वस्तरा धरायला गेला तर दोन बोटं वळेनात, म्हणून तो तीन बोटांत धरला आणि त्यामुळे मनगट वेगळंच वळलं, कोपर बाहेर आलं. खिसे त्याला आठवलेच नाहीत. साधारण सहा मिनिटं चाललं असेल. मी घड्याळ बघितलं नाही.

मध्येच आमचा बॅकस्टेजचा मुलगा, त्याला काय चाललंय याची कल्पना नव्हती, दोन खुर्च्या उचलून समोरून निघाला. आणि चालता चालता वळसा घालून गेला. तांब्या ठेवला होता तिथून, बरोबर तेवढी जागा सोडून.

मी त्याला नंतर विचारलं, तू वळून का गेलास? म्हणाला, "तिथे काहीतरी ठेवलं होतं ना त्याने?"

संहितेत आता बदल केलाय. पहिली पाच मिनिटं संवाद नाहीत, तो दाढी करतो आणि मागे घर जागं होत जातं. वहिनीचं पहिलं वाक्य त्यानंतर. त्याची वाक्यंही पस्तिसावरून एकवीसवर आली, बाकीची त्याला लागेनात. गाणं नाही. याबद्दल ग्रुपमध्ये अजून दोन मतं आहेत आणि स्पर्धेत परीक्षक काय म्हणतील मला माहीत नाही, पण मी हे आता बदलणार नाही.

एकच अडचण उरलीये आणि ती तुमच्यासाठी आहे, @रंगपेटी काका. बारा वर्षं समुद्रावर काढलेल्या माणसाची कातडी. पोरगा गोरापान, एसीत बसणारा. दाढी खरी वाढवतोय. पण मान आणि हातांच्या पाठी उन्हाने रापलेल्या दिसायला हव्यात, आणि पहिल्या पाच मिनिटांत तो तोंडावरून हात फिरवत राहणार, म्हणजे रंग बोटांना लागता कामा नये. की काहीच लावू नको म्हणता?

*

रंगपेटी

तोंडाला काही लावू नका. हाताच्या पाठींना आणि मानेला मी सांगतो काय करायचं, पण लिहून सांगता येत नाही, दिव्याखाली बघावं लागेल. प्रकाशयोजना कुणाची आहे? पिवळा जास्त असेल तर वेगळं, निळा असेल तर वेगळं. तालीम कधी आहे?

*

चरईकर

रविवारी पाच वाजता, नौपाड्यातच. नेरुळहून ठाण्याची गाडी पकडा, स्टेशनला पश्चिमेला उतरा, तोच मुलगा तुम्हाला घ्यायला येईल. प्रकाशयोजनावाल्यालाही बोलावून ठेवते. पेटी आणायची गरज नाही काका, पण आणलीत तर बघायला सगळ्यांनाच आवडेल.